जुफेरच्या कण्या, मुहर्रकची गहवा

बहारीनच्या राजधानीच्या, मनामाच्या, आग्नेयेला जुफेर आहे. समुद्रात भर घालून वाढवलेली जमीन, तिच्यावर उंच इमारती आणि त्यांच्या तळमजल्यांवर लाँड्री, सलून, फिलिपिनो किराणा आणि छोटी छोटी कॅफे. माझी भाची आणि तिचा नवरा याच भागात राहतात. त्यांच्या घराजवळच्या एका कॅफेतल्या फळ्यावर खडूने लिहिलेला सकाळचा बेत मी वहीत उतरवून घेतला: ग्रिट्स, गरम बिस्किटं आणि पांढरी ग्रेव्ही, ताकात मुरवून तळलेलं चिकन, मक्याचा पाव, चवळी-भात. त्याखाली वेगळ्या रंगाच्या खडूने: आजची कॉफी, येमेन, हराझ.

हा बेत अमेरिकेच्या दक्षिणेचा. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, कॅरोलायना, लुइझियाना या राज्यांतल्या घरांत जे रोज शिजतं, आजारपणातून उठल्यावर जे मागितलं जातं आणि रविवारी चर्चहून परतल्यावर ज्याची वाट पाहिली जाते, ते हे जेवण. बृहन्मुंबईपेक्षा थोड्याशाच मोठ्या असलेल्या आखाती बेटावर ते कसं आलं, याचं उत्तर जुफेरमधल्याच एका उंच भिंतीमागे आहे. ब्रिटिश आरमाराने १९३५ मध्ये इथे तळ उभारला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन आरमारही तिथे जागा घेऊन राहू लागलं. १५ ऑगस्ट १९७१ रोजी बहारीन स्वतंत्र झालं, ब्रिटिश निघून गेले आणि अमेरिकन राहिले. १९९५ पासून अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचं मुख्यालय जुफेरमध्ये आहे. अमेरिकेच्या सैन्यदलांत दक्षिणेच्या राज्यांतून आलेल्यांची संख्या नेहमीच मोठी असते. हजारो मैलांवर नेमणूक झालेल्या या मुलामुलींना सकाळी आईच्या हातचं हवं असतं. जुफेरच्या गल्ल्यांनी ते ओळखलं.

अल शबाब अव्हेन्यू हा जुफेरचा मुख्य रस्ता. सगळे त्याला ‘अमेरिकन अ‍ॅली’ म्हणतात. बर्गर, पिझ्झा आणि मिल्कशेकच्या जगभर दिसणाऱ्या साखळ्या इथे ओळीने उभ्या आहेत. त्यांच्यासाठी बहारीनपर्यंत येण्याची गरज नाही. आडगल्लीत वळलं की खरं जुफेर सुरू होतं. ‘रिक्स कंट्री किचन’सारख्या ठिकाणाने दक्षिणी घरगुती न्याहारीसाठी नाव कमावलं, आणि त्याशिवाय पाचसात टेबलांची अशी कॅफे आहेत की जिथे एका बाजूला तव्यावर चिकनचं कवच कुरकुरीत होत असतं आणि दुसऱ्या बाजूला कुणीतरी तराजूवर कॉफीचे दाणे ग्रॅममध्ये मोजत असतं.

“मावशी, ग्रिट्स घे. तुला सोलापूरची आठवण येईल,” भाची म्हणाली.

ती बरोबर बोलली होती. जाडसर भरडलेला पांढरा मका पाण्यात आणि दुधात मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ढवळत शिजवायचा, वर लोणी, मीठ, मिरपूड आणि हवं तर किसलेलं चीज. वाडगा समोर आला तेव्हा मला आजोळच्या ताकातल्या ज्वारीच्या कण्याच दिसल्या. तीच मऊसूत दाटी, चमचा उभा राहील इतकी, आणि पहिल्या घासाला पोटात उतरणारी तीच ऊब. हा पदार्थ मुळात अमेरिकेच्या आदिवासींचा. मका राखेच्या किंवा चुन्याच्या पाण्यात भिजवून त्याचं साल काढायची युक्ती त्यांची. त्याने मका पचायला सोपा होतो आणि त्यातली जीवनसत्त्वं अंगी लागतात. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी मका उचलला, पण पुष्कळदा ही युक्ती मागेच ठेवली. त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मक्यावरच जगणाऱ्या दक्षिणेतल्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग पसरला होता.

बिस्किटं म्हणजे थंड लोणी मैद्यात चोळून, ताकात जेमतेम मळून, भट्टीत फुगवलेले मऊ, पापुद्र्यांचे गोल पाव. त्यांच्यावर सॉसेजचे तुकडे घातलेली, दूध आणि मैद्याची पांढरी ग्रेव्ही ओततात. तिकडे सॉसेज डुकराचं असतं. बहारीनमध्ये डुकराच्या मांसाला सरसकट बंदी नाही, काही सुपरमार्केटांत त्यासाठी वेगळी खोलीच असते. पण गल्लीतल्या बहुतेक कॅफेंत ते वापरत नाहीत. गोमांसाचं किंवा टर्कीचं सॉसेज घालतात. पालेभाजीत धुरावलेल्या डुकराच्या हाडाऐवजी धुरावलेली टर्की पडते. चव थोडी सौम्य होते, बिघडत मात्र नाही.

स्वयंपाकघरातला माणूस त्रिशूरजवळच्या गावचा निघाला. हे जेवण तो तळावरच्या एका अधिकाऱ्याच्या बायकोकडून शिकला. ती दर आठवड्याला येऊन, चाखून, नापसंती सांगून जायची. “मॅडम, मिर्ची कम, टाइम जास्ती,” अमेरिकेच्या दक्षिणेच्या स्वयंपाकाचं सूत्र त्याने आखाती हिंदीत सांगून टाकलं. मी या विषयावर वाचलेल्या पुस्तकांत याहून नेमकं काही आढळलं नाही. चिकन रात्रभर ताकात ठेवायचं, पालेभाजी तासभर शिजू द्यायची, तिचं पाणी फेकायचं नाही. मक्याच्या पावाने ते टिपून खायचं.

हा वेळ कुणाचा होता, हे मात्र विसरून चालणार नाही. दक्षिणेच्या जेवणाचा कणा पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी घडवला. भेंडी त्यांच्याबरोबर गेली आणि लुइझियानाच्या गंबो नावाच्या रश्श्यात शिरली. कॅरोलायनातली भातशेती सेनेगलपासून सिएरा लिओनपर्यंतच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेल्या, भातशेतीत मुरलेल्या लोकांच्या ज्ञानावर उभी राहिली. आणि चवळी. तिचं मूळ घर आफ्रिका. तिथून ती हजारो वर्षांपूर्वी भारतात आली, आणि गुलामांच्या जहाजांतून अमेरिकेत गेली. दक्षिणेत नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी-भात खातात. त्याला हॉपिन जॉन म्हणतात. सोबत पालेभाजी आणि मक्याचा पाव, म्हणजे वर्ष भरभराटीचं जातं असा समज. फळ्यावरचा चवळी-भात तोच होता. मालकाच्या शेतात राबून आलेल्या माणसाच्या वाट्याला जे उरलंसुरलं यायचं, त्याला वेळ देऊन, मुरवून, चव आणून केलेलं हे जेवण आहे. जगाने त्याला ‘कम्फर्ट फूड’ म्हटलं, पण ज्यांनी ते घडवलं त्यांच्या दिवसात आराम फार थोडा होता.

कॉफीकडे वळते. ‘स्पेशालिटी’ हा शब्द कॅफेवाले सैलपणे वापरत असले तरी त्याला मोजमाप आहे. प्रशिक्षित परीक्षक कॉफी चाखून १०० पैकी गुण देतात. ८० आणि त्यावर मिळाले तर ती स्पेशालिटी. दाण्यात दोष नसावेत, ती कुठल्या डोंगरावरची, कुठल्या जातीची, कशी वाळवलेली हे माहीत असावं, आणि भाजणी इतकी काळी नसावी की सगळ्या कॉफ्या सारख्याच लागतील. जुफेरच्या त्या काउंटरवर मनिलाची मुलगी होती. तिने १५ ग्रॅम दाणे दळले, व्ही-सिक्स्टीच्या शंकूत कागदी गाळणी ओली केली, आधी थोडंसं पाणी ओतून पूड फुगू दिली आणि मग बारीक धारेने गोल गोल पाणी सोडत राहिली. तीन मिनिटांनी काचेच्या भांड्यात चहासारखी तांबूस, नितळ कॉफी उतरली. दूध-साखर तिने पुढे केली नाही, मीही मागितली नाही. हराझ हा येमेनच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख, तिथे पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत कॉफी पिकते. सुकवलेल्या फळाची गोडी आणि मागून किंचित मसालेदारपणा. तळलेल्या चिकनच्या तेलकटपणावर हा उतारा अचूक बसतो.

कॉफीचं झाड इथिओपियाचं, पण त्याची लागवड करून, दाणे उकळून पेय म्हणून प्यायची रीत येमेनने रुजवली. पंधराव्या शतकात तिथले सूफी रात्रीच्या जिक्रात जागं राहायला ती पीत. मोखा बंदरातून ती जगभर गेली, आणि सतराव्या शतकात बाबा बुदान यांनी तिथून सात बिया चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या असं आपण ऐकत आलो आहोत. म्हणजे बहारीनमध्ये येमेनची कॉफी पिणं ही नवलाई नव्हे. फळ्यावर गावाचं नाव लिहून, गुण मोजून, महाग विकणं तेवढं नवं आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेची स्वतःची कॉफी मात्र वेगळी, चिकोरीची. यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ च्या काळात, उत्तरेच्या आरमाराने न्यू ऑर्लिन्सची नाकेबंदी केली. कॉफी येईना, तेव्हा फ्रेंच वंशाच्या लोकांना आधीच ठाऊक असलेली भाजलेली चिकोरी तिच्यात घालायला सुरुवात झाली. युद्ध संपलं, सवय राहिली. आपल्याकडच्या मद्रासी फिल्टर कॉफीतही चिकोरी असतेच, त्यामुळे न्यू ऑर्लिन्सची दूध घातलेली कॉफी दादर-माटुंग्याच्या माणसाला परकी लागणार नाही. तिथे त्या कॉफीसोबत पिठीसाखर भुरभुरलेले तळलेले बेन्ये खातात. बहारीनमध्ये त्यांच्या जागी लुगेमात मिळतात, आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, वरून खजुराचा पाक. जुफेरच्या कॅफेने हा बदल शांतपणे करून टाकला होता, आणि मला तो मूळ पदार्थाहून जास्त आवडला.

जुफेरहून मनामाच्या जुन्या बाजारात जायला टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं पुरतात. वाटेत अल फातेह मशीद लागते; मुस्लिमेतरांनाही ती आतून पाहता येते, अंगभर कपडे हवेत, बायकांना अबाया तिथेच देतात. बाजाराच्या तोंडाशी बाब अल बहारीन, म्हणजे बहारीनचं दार. तेव्हाच्या शासकांचे ब्रिटिश सल्लागार चार्ल्स बेलग्रेव्ह यांनी आखलेली ही वास्तू १९४९ मध्ये पुरी झाली. तेव्हा समुद्र तिच्या अगदी पुढ्यात होता. आता भर घालत घालत तो बराच लांब गेला आहे, पण दार त्याच जागी आहे.

या दाराच्या जवळच्या गल्लीत हाजीचं कॅफे आहे, हाजी गहवा. १९५० पासूनचं. लाकडी बाकं, भिंतींवर जुन्या बहारीनचे, राजघराण्याचे, बोटींचे फोटो दाटीवाटीने लावलेले. इथे बसल्यावर कुणी मेन्यूकार्ड मागत नाही; जवळच्या बाकावर काय आलंय ते पाहून बोट दाखवलं तरी चालतं. आम्ही मागवलं ते असं: बलालीत, म्हणजे साखर, वेलची आणि केशर घालून केलेल्या शेवया आणि त्यांच्यावर खारट ऑम्लेटची घडी, टोमॅटोत परतलेली अंडी, नख्खी, म्हणजे उकडलेले मसालेदार हरभरे, बाजिल्ला, म्हणजे वालासारखं जाड सालीचं कडधान्य, आणि लोबा. लोब्याची वाटी समोर आली तेव्हा भाची आणि मी एकमेकींकडे पाहिलं. चवळी! लाल मिरची आणि लिंबू घालून शिजवलेली, जुफेरच्या फळ्यावरचीच, आणि आपल्या उसळीतलीच. एकच कडधान्य एका बाजूने गुलामांच्या जहाजातून अटलांटिक ओलांडून आणि दुसऱ्या बाजूने जुन्या सागरी वाटांनी या बेटावर पोहोचलं, आणि आता दोन मैलांच्या अंतरावर दोन टेबलांवर आहे. बहारीनमध्ये मला याहून मोलाचं काही बघायला मिळालं नाही, आणि मी तिथला सोन्याचा बाजारही पाहिला.

रोटी इराणी तंदूरची, पातळ आणि मोठी. पलीकडच्या किनाऱ्यावरून आलेले भटारी ही रोटी घेऊन आले. तिच्यावर महयावा लावून देतात, लहान मासे मीठ आणि मसाल्यांत आंबवून केलेलं पातळ कालवण. वास उग्र आहे. सुकटीची सवय असलेल्या कोकणी माणसाने बिनधास्त मागवावं. इतरांनी अंड्याबरोबर थोडं चाखून ठरवावं. चहा दुधाचा, वेलचीचा, छोट्या काचेच्या पेल्यात.

हाजीकडच्या ताटातलं बरंच काही मुंबईच्या बंदरातून आलं आहे. तांदूळ, मसाले, वेलची, चहा, कापड, सागाचं लाकूड, सगळं तिथून. बहारीनचे मोती मुंबईला जात आणि बहारीनचे व्यापारी मोती विकायला मुंबईत महिनोन्महिने राहत. आखातातल्या ब्रिटिश कारभाराची सूत्रं एकोणिसाव्या शतकात बरीच वर्षं मुंबई सरकारकडे होती. १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत बहारीनच्या बाजारात रुपया चालायचा. आधी हिंदुस्थानातलाच आणि १९५९ पासून खास आखातासाठी छापलेला. ब्रिटिश इंडिया या जहाज कंपनीच्या बोटी मुंबई-कराची-आखात अशा फेऱ्या करीत. त्यातली ‘द्वारका’ १९८२ पर्यंत चालू होती. बाजाराच्या आत श्रीनाथजीचं देऊळ आहे, सिंधमधल्या ठट्ट्याहून आलेल्या भाटिया व्यापाऱ्यांनी उभं केलेलं, दोनशे वर्षांहून जुनं. त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत फुलांच्या माळा, ढोकळा, डोसा, स्टीलची भांडी. इथे भारतीय माणसाला पाहुणा म्हणून कुणी वागवत नाही, कारण तो इतका जुना आहे की पाहुणा राहिलेलाच नाही.

करकबद्दल थोडक्यात. कडक चहा, आटवलेलं डब्यातलं दूध, साखर, वेलची; शंभर-दोनशे फिल्सना कागदी पेला. दुकानासमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवला की पोरगा धावत येतो. संध्याकाळी प्रत्येक वस्तीत हे दृश्य दिसतं. ज्यांना दोन-अडीच दिनारची व्ही-सिक्स्टी परवडत नाही आणि ज्यांना परवडते, ते दोघेही करकच्या रांगेत असतात.

पण कॉफीसाठी बहारीनला यायचं तर मुहर्रक बेटावर जायला हवं. १९३२ मध्ये बहारीनला तेल सापडलं, आखाताच्या अरब किनाऱ्यावर सर्वांत आधी. त्यापूर्वी हे बेट मोत्यांवर जगत होतं आणि मोत्यांची राजधानी मुहर्रक होती. १९२९ ची जागतिक मंदी आणि जपानचे संवर्धित मोती यांनी तो धंदा बसवला. मोत्यांच्या त्या जगाच्या खुणा, समुद्रातल्या शिंपल्यांच्या पट्ट्यांपासून व्यापाऱ्यांच्या वाड्यांपर्यंत, २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. मुहर्रकमधून जाणारी ही मोत्यांची वाट साडेतीन किलोमीटरची आहे. वाटेवरच्या दिव्यांना मोत्यासारखे पांढरे गोल आहेत. ते धरून चालत राहिलं की माणूस हरवत नाही. जुन्या मुहर्रकच्या या पुनरुज्जीवनाला २०१९ मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच मिळाला. घरं दुरुस्त झाली तरी वस्ती हलली नाही. पोरं अजून गल्लीत फुटबॉल खेळतात.

या वाटेवर कैसरिया बाजारात ‘सॅफ्रन बाय जेना’ आहे. इथल्या न्याहारीची कीर्ती मोठी, पण मी सांगेन की आधी खाली बघा. जमिनीत काच बसवली आहे आणि काचेखाली जुनी मदबसा, खजुराचा रस काढायची जागा, जशी सापडली तशी ठेवली आहे. चुन्याने गुळगुळीत केलेल्या समांतर पन्हळी. त्यांच्यावर खजुराची पोती एकावर एक रचायची, वरच्या वजनाने आणि उष्णतेने पाक झिरपून पन्हळीतून कुंडात उतरायचा. त्या पाकाला दिब्स म्हणतात. ज्या पाकासाठी ही जागा बांधली, तोच पाक तुमच्या टेबलावरच्या लुगेमातवर येतो.

त्या पाकातच शिजवलेला गोड भात म्हणजे मुहम्मर. तळलेल्या माशाबरोबर खातात. तो पाणबुड्यांचा भात. उन्हाळ्यातले चार महिने मोत्यांच्या बोटी समुद्रात असत. भरल्या पोटी पाण्यात उतरता येत नाही म्हणून पाणबुडे पहाटे दोनचार खजूर आणि गहवा, म्हणजे अरबी कॉफी, घेऊन, नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून सूर मारत. दिवसभर डुबक्या, जेवण संध्याकाळी. हंगामाआधी नाखव्याकडून घेतलेली उचल फिटायची नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच बोटीवर जावं लागे. पुष्कळांचं आयुष्य असंच गेलं. त्यांच्यात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांची मुलंबाळंही होती. पाणबुड्यांचं गाणं, फिजिरी, २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत नोंदलं गेलं आहे. मुहर्रकला ते ऐकण्याची संधी मिळाली तर सोडू नका. कापसाच्या शेतात राबणाऱ्यांची चवळी आणि मोत्यांच्या बोटीवरच्यांचा मुहम्मर यांत मला एकच गोष्ट दिसते: ज्यांच्या अंगाची सगळ्यात जास्त झीज झाली, त्यांनीच सगळ्यात जास्त काळ टिकलेली चव दिली. आजही त्रिशूरचा आचारी आणि मनिलाची मुलगी घरापासून दूर राहून ती चव पुढे नेत आहेत. पैसे देताना टिप विसरू नका.

गहवा मुहर्रकमध्ये प्यायची ती अशी. दाणे हलके भाजलेले, जाडसर कुटलेले, वेलची भरपूर, कधी केशर. रंग सोनेरी. पितळी दलाह, म्हणजे कॉफीची किटली, डाव्या हातात, उजव्या हाताने बिनकानाचा छोटा फिंजान पुढे करतात, तोही एक तृतीयांशच भरलेला. संपला की पुन्हा भरतात. पुरे झालं असेल तर फिंजान हलकेच हलवून परत द्यायचा. साखर नसते, खजूर असतो. वेलचीच्या सुगंधामागे कॉफीचा दाणा जरा लाजरा वाटतो, पण दोन-तीन फिंजानांनंतर कळतं की हलक्या भाजणीची जी महती जुफेरमध्ये गुणांसकट सांगतात, ती इथे पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरली आहे. सोबत शुवेतरचा हलवा घ्या; मुहर्रकमध्ये एकोणिसाव्या शतकापासून हे घराणं हलवा करतंय. केशर, गुलाबपाणी, तूप आणि सुकामेवा घातलेला तांबूस, लवचिक हलवा. आपल्या माहीमच्या हलव्यापेक्षा ओलसर आणि चमच्याने खायचा.

अदलियाबद्दलही सांगायला हवं, कारण मार्गदर्शकं तिथेच पाठवतात. मनामातली ही जुनी निवासी वस्ती. ब्लॉक ३३८ नावाने ओळखले जाणारे तिथले काही रस्ते पायी चालणाऱ्यांसाठी राखले आहेत. गॅलऱ्या आहेत, भित्तिचित्रं आहेत, बहारीनमध्येच जन्मलेलं कॅफे लिलू आहे. संध्याकाळी छान वाटतं. सकाळ मात्र तिथे वाया घालवू नये.

जाणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, मुंबईहून थेट विमानं आहेत. नोव्हेंबर ते मार्च हवा चालण्याजोगी असते; जून ते सप्टेंबर उन्हात पाच मिनिटं उभं राहवत नाही. एक दिनार म्हणजे सव्वादोनशे रुपयांच्या वर, आणि एका दिनारचे हजार फिल्स, हे लक्षात ठेवलं की बिल वाचताना गोंधळ होत नाही. २०२२ पासून १० टक्के मूल्यवर्धित कर आहे. सुट्टी शुक्रवार-शनिवारी, गुरुवार संध्याकाळपासून १९८६ मध्ये खुल्या झालेल्या २५ किलोमीटरच्या पुलावरून सौदी कुटुंबं येतात आणि सगळी कॅफे भरतात. रमजानमध्ये दिवसा बाहेर खाता-पिता येत नाही, पण इफ्तारनंतर पहाटेपर्यंत बाजार जागा असतो. शाकाहारींनी काळजी करू नये: हाजीकडे नख्खी, बाजिल्ला, लोबा आणि रोटी यांत पोट भरतं, आणि जुफेरमध्ये ग्रिट्स व मक्याचा पाव आहेच, फक्त पालेभाजीत मांस आहे का ते विचारून घ्या.

युरोप-अमेरिकेला जाताना पुष्कळ मराठी मंडळी बहारीनच्या विमानतळावर तासन्‌तास बसून राहतात. विमानतळ मुहर्रक बेटावरच आहे आणि कैसरिया बाजार तिथून गाडीने दहा मिनिटांवर. व्हिसा आधी काढून ठेवा, सामान थेट पुढे पाठवा, आणि पुढच्या विमानाला पाच-सहा तास असतील तर बाहेर पडा.